ठिणगीपासून जाळापर्यंत: उघड्यावर आग पेटवण्याची रीत

आग पेटत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा ठिणगीचा नसतो, पेटवणाचा असतो. पेटवण म्हणजे ठिणगी झेलणारी बारीक, कोरडी वस्तू. ठिणगी क्षणभरच टिकते. तेवढ्यात तापेल असा तंतू तिच्याखाली नसेल, तर कितीही घासले तरी फक्त हात भरून येतात. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ तयारीला द्या आणि सगळे सामान हाताशी लागल्याशिवाय ठिणगी पाडू नका.

आधी ठिणगी कोणती ते पाहा

चकमकीत गारेची, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाची, धारदार कड पोलादाचे सूक्ष्म कण खरवडते आणि ते कण हवेत जळतात. गार जळत नाही. पोलाद कडक आणि जास्त कार्बनचे हवे. जुन्या कानशीचा तुकडा चांगला चालतो, स्टेनलेस स्टील जवळपास निरुपयोगी. या ठिणग्या लहान असतात. साध्या कापसावर त्या पडतात आणि विझतात. त्यांना लागते ते कोळसा केलेले सुती कापड.

फेरो रॉडची, म्हणजे पात्याने खरवडली की ठिणग्या पाडणाऱ्या मिश्रधातूच्या कांडीची, गोष्ट वेगळी. हा मिश्रधातू कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली शोधला. लायटरमधला खडा त्याचाच असतो. त्याच्या ठिणग्या सुमारे ३,००० अंश सेल्सियसपर्यंत तापतात, त्यामुळे पाणकणसाची किंवा सावरीची म्हातारी (बियांचा कापसासारखा तंतू) थेट पेट घेते. नव्या रॉडवर काळा थर असतो. तो आधी खरवडून काढा, नाहीतर ठिणगीच पडत नाही.

कोळशाचे कापड

शंभर टक्के सुती कापडाचे ४–५ सेंमीचे चौकोन कापा. पॉलिएस्टरची भेसळ असेल तर ते वितळून चिकटते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीला खिळ्याने एक छोटे भोक पाडा, चौकोन सैलसर भरा आणि डबी निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून धूर येऊ लागेल. तो थांबला की डबी उतरवा, भोक काडीने बुजवा आणि डबी पूर्ण गार होऊ द्या. इथेच बहुतेकांची घाई नडते: गरम डबी उघडली की हवा आत शिरते आणि कापडाची राख होते. कापड काळेभोर, पण उचलता येईल इतके चिवट हवे. तपकिरी राहिले तर परत तापवा. हाताला लागताच भुगा झाला तर ते जास्त भाजले गेले.

कापड नसेल तिथे झाडावर उगवणारी, खुराच्या आकाराची एक कठीण अळंबी (फोमेस फोमेन्टारियस) हेच काम करते. तिचा आतला मऊ थर कापून, ठोकून तो लोकरीसारखा करतात. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्सी या बर्फात टिकून राहिलेल्या माणसाच्या सामानात ही अळंबी होती आणि तिच्यावर पायराइट या ठिणगी पाडणाऱ्या खनिजाचे कण आढळले.

घरटे आणि काटक्या

सुकी साल, वाळके गवत किंवा नारळाचा काथ्या तळव्यांत चोळून मोकळा करा. दोन मुठी एकत्र केल्यावर होतो तेवढा गोळा घ्या. बाहेर जाड तंतू, आत बारीक, मध्ये खळगा: हे झाले घरटे. नुसती म्हातारी वापरू नका. ती भपकन पेटून काही सेकंदांत संपते. काथ्यात मिसळली की जाळ टिकतो.

काटक्यांचे तीन ढीग करा: आगकाडीइतक्या, पेन्सिलीइतक्या आणि अंगठ्याइतक्या. पहिल्या ढिगात ओंजळभर नको, दोन्ही हातांच्या कवेत मावेल तेवढी जुडी हवी. झाडावरच वाळलेल्या काटक्या घ्या, कारण जमिनीवरच्या ओल धरतात. काडकन मोडते ती चालते, वाकते ती बाजूला ठेवा. पाऊस झाला असेल तर मनगटाएवढे लाकूड उभे चिरा. आतला भाग बहुधा कोरडा निघतो. त्याच्या पातळ ढलप्या काढा.

आता पेटवा

१. तीन मीटर व्यासाची जागा पाचोळा, गवत काढून खालच्या मातीपर्यंत साफ करा. मुळांचे जाळे असेल तिथे नको. आग जमिनीखाली धुमसत राहते. ओढ्यातले ओले दगड भोवती लावू नका, आतल्या वाफेने ते फुटतात.

२. कापडाचा तुकडा गारेच्या वर, कडेला लागून अंगठ्याने धरा. पोलाद कडेवरून तिरके, खाली झटकत मारा. ठिणगी येत नसेल तर कड बोथट झालेली असते. दुसरी कड घ्या.

३. कापडावर लाल ठिपका दिसला की ते घरट्याच्या खळग्यात ठेवा आणि घरटे हलके मिटा. दाबलेत तर हवा कोंडते.

४. वारा पाठीवर घ्या, घरटे चेहऱ्याच्या थोडे वर धरा आणि खालून लांब, सावकाश फुंकर घाला. धूर दाट आणि पिवळसर झाला की जाळ जवळ आला आहे. आता थांबू नका.

५. जाळ धरताच घरटे खाली ठेवा आणि सर्वांत बारीक काटक्या सैल रचा. त्या नीट पेटल्याशिवाय पेन्सिलीइतक्या घालू नका. जाळ गुदमरतो तो बहुधा इथेच.

फेरो रॉड असेल तर त्याचे टोक पेटवणात टेकवा, पाते स्थिर ठेवा आणि रॉड मागे ओढा. पाते पुढे ढकलले की हाताच्या धक्क्याने सगळी रचना विस्कटते.

कापड ठिपका धरत नसेल तर ओल लागली आहे असे समजा. कोळसा हवेतली वाफ शोषतो आणि घामट बोटेही पुरतात. ते बंद डबीत, अंगापासून दूर ठेवा.

विझवताना पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. मग हाताची मागची बाजू राखेच्या जवळ न्या. धग जाणवली नाही तरच राखेत हात घाला. कुठेही ऊब लागली तर अजून पाणी हवे.