वाघळाच्या किडनीच्या स्लाइडवरून आहार कसा वाचावा

किडनीचा आतला भाग, म्हणजे मेड्युला, जितका लांब, तितकी लघवी दाट करायची क्षमता जास्त. उंबर, पेरू, चिक्कू खाणाऱ्या वाघळाच्या पोटात पाणी आणि पोटॅशियम भरपूर जातं, सोडियम आणि प्रथिनं कमी. त्याला पाणी बाहेर टाकायचं असतं आणि मीठ राखायचं असतं. म्हणून कॉर्टेक्स, म्हणजे किडनीचा बाहेरचा थर, रुंद, मेड्युला आखूड. कीटक खाणाऱ्याचं उलट: प्रथिनांमुळे युरिया जास्त, पाणी बेताचं, म्हणून हेन्लेचे लूप (मेड्युलात उतरून परत वळणाऱ्या, लघवी दाट करणाऱ्या नळ्या) लांब आणि पॅपिला (मेड्युलाचं आतलं टोक) टोकदार. अमेरिकेतल्या फळखाऊ जमैकन वाघळाची कीटकभक्षी वाघळाशी पेशी-पातळीवर तुलना करणारा 2024 चा अभ्यासही हेच सांगतो: फळखाऊत लूपच्या पेशी कमी, संग्राहक नलिकेच्या (लघवी गोळा करणाऱ्या नळीच्या) पेशी जास्त.

नमुना आधी. पकडायला जाऊ नका आणि मेलेलं सापडलं तरी घरी चिरू नका. 2020 साली महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहचा माग लागला होता. कायद्याचं म्हणाल, तर फळवाघळांना ‘उपद्रवी’, म्हणजे मारायला मोकळीक असलेली, ठरवणारी वन्यजीव संरक्षण कायद्याची पाचवी अनुसूची 2022 च्या दुरुस्तीत गेली. कॉलेजच्या संग्रहातल्या फॉर्मलिनमधल्या किडन्या किंवा तयार स्लाइड पुरतात.

तुलनेसाठी एक फळखाऊ आणि एक कीटकभक्षी अशी जोडी निवडताना सर्वांत जास्त चुका होतात. मोठं उडतं फळवाघूळ किलोच्या घरातलं, पिपिस्ट्रेल हे कीटकभक्षी वाघूळ जेमतेम काही ग्रॅमचं. शरीर लहान असलं की मेड्युलाचं सापेक्ष माप तसंही मोठं येतं, त्यामुळे या दोघांतला फरक आहाराचा की आकाराचा हे कळतच नाही. आखूड नाकाचं फळवाघूळ आणि कीटक खाणारं हीथचं पिवळं वाघूळ ही जोडी घ्या. दोघंही साधारण 40–50 ग्रॅमच्या आसपास.

आता काम. किडनीची लांबी, रुंदी, जाडी व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये आधी मोजा, कारण अल्कोहोल आणि पॅराफिनमध्ये ऊतक आक्रसतं. ताजा नमुना असेल तर 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, ऊतकाच्या निदान दहापट, 24 ते 48 तास. मग 70, 90, 100 टक्के अल्कोहोल, झायलीन, पॅराफिन आणि 5 मायक्रॉनचे छेद.

वाघळाच्या किडनीला पॅपिला एकच असते, म्हणून छेद तिच्या टोकातूनच जायला हवा. जरा बाजूने गेला की मेड्युला आखूड दिसतो आणि कीटकभक्षी प्राणी स्लाइडवर फळखाऊ ठरतो. सलग छेद ठेवा आणि ज्यात पॅपिला सर्वांत लांब दिसते तोच मोजा.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांवर कॉर्टेक्स आणि मेड्युलाची सीमा धूसर वाटली तर पीएएस (PAS) स्टेन करा. कॉर्टेक्समधल्या समीपस्थ नलिकांचा ब्रश बॉर्डर, म्हणजे पेशींची आतली ब्रशसारखी कड, गुलाबी-जांभळा उठून दिसतो. आर्क्युएट धमन्याही याच सीमेवरून जातात. सीमेपासून पॅपिलाच्या टोकापर्यंतचं अंतर ही मेड्युलाची लांबी. कुजलेल्या नमुन्यात ब्रश बॉर्डरच आधी जातो, तिथे मोजमाप सोडून द्या.

मेड्युलाच्या सापेक्ष मापासाठी स्पर्बरचं 1944 चं सूत्र: मेड्युलाची लांबी गुणिले 10, भागिले (लांबी × रुंदी × जाडी) चं घनमूळ. उदाहरणादाखल 8 × 5 × 4 मिमी किडनी आणि 3 मिमी मेड्युला: 160 चं घनमूळ 5.43, उत्तर 5.5. एकटा आकडा काहीच सांगत नाही, जोडीतला फरक सांगतो. शिवाय मेड्युला आक्रसलेल्या छेदावर आणि किडनी न आक्रसलेली मोजलेली असते, म्हणून त्याच छेदावरचं मेड्युला-कॉर्टेक्स गुणोत्तरही काढा. ते आक्रसण्याने फारसं बिघडत नाही.

मोठा आकडा म्हणजे कीटकभक्षी, असं लगेच लिहू नका. कोरड्या भागात राहणाऱ्या वाघळांतही पाणी वाचवण्यासाठी मेड्युला लांबतो. म्हणून प्रत्येक लेबलवर प्रजाती, वजन, ठिकाण आणि महिना हवाच. संग्रहातल्या जुन्या बरणीवर ठिकाण नसेल तर तो नमुना रचना शिकायला वापरा, तुलनेत धरू नका.