बिअरचा फ्रिज थंड करेना? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एप्रिल सरत आला की नागपुरात फ्रिजच्या तक्रारी सुरू होतात, आणि सगळ्यात आधी मान टाकतो तो घरातला दुसरा फ्रिज. म्हणजे स्वयंपाकघरातून हटवलेला जुना सिंगल डोअर, नाहीतर खास बिअरसाठी घेतलेला मिनी फ्रिज. मेकॅनिकला फोन जातो, तो आल्या आल्या "गॅस गेला" म्हणतो आणि आपण हो म्हणून मोकळे होतो. पहिली चूक हीच. फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळतीपर्यंत पोचण्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

जागा चुकली की फ्रिज हरतो

बिअरचा फ्रिज सहसा घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी जातो. गच्चीवरची खोली, टिनाचं शेड, पश्चिमेची बाल्कनी. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, तो जरूर वाचा. 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ आणि 'टी' म्हणजे ४३. नागपूरचा पारा मे महिन्यात सावलीतच ४५ च्या आसपास जातो. २३ मे २०१३ ला तो ४७.९ वर गेला होता. स्लॅबखालची बंद खोली त्याहून तापते. नवतपात तिथे ठेवलेला फ्रिज दिवसभर धडधडतो आणि तरी बाटली जेमतेम गार होते. त्यात बिघाड नसतो. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, आणि बाहेरच भट्टी असेल तर टाकणार कुठे?

मागे उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी असेल तर ती भिंतीपासून निदान चार बोटं लांब ठेवा आणि प्लग काढून, कोरड्या ब्रशने तिच्यावरची धूळ झाडा. नव्या फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्यात लपलेली असते. म्हणून दोन्ही बाजूंनी मोकळी हवा लागते. अशा फ्रिजच्या दोन्ही कडेला बिअरचे खोके रचून ठेवणं म्हणजे त्याचा गळा आवळणं.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे कूलर. कूलरच्या झोताने खोली थंड होते, पण हवा दमट होते. दाराचं रबर थोडं जरी सैल असेल तरी ती ओल आत शिरते आणि फ्रीजरवर बर्फाचा थर चढतो. रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा आत जाते आहे. आधी रबर कोमट साबणपाण्याने पुसून घ्या. अनेकदा चिकटलेली घाणच दार नीट बसू देत नाही.

बर्फावर सुरी चालवू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सिंगल डोअरच्या फ्रीजरचा डबा पातळ ॲल्युमिनियमचा असतो आणि गॅसच्या वाटा त्या पत्र्याच्या पोटातच असतात. बर्फात रुतलेला कॅन काढायला कोणी सुरी, स्क्रू ड्रायव्हर घेतो, टोक घसरतं, बारीकसा फुस्स आवाज येतो, आणि चांगला चालणारा फ्रिज त्या क्षणी गेलेला असतो. फ्रिज बंद करा, दार उघडं ठेवा, खाली फडकं अंथरा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. घाई असेल तर आत गरम पाण्याचं भांडं ठेवा.

याच फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं. खच्चून भरलेल्या बाटल्यांपैकी एखादीचा धक्का लागून ते दाबलं गेलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो. दिवा लागतो, आवाज मात्र नाही, असं दिसलं तर आधी हे बटण बघा.

एकदम अख्खी पेटी

४० अंशांवरच्या ६५० मिलीच्या बारा बाटल्या ५ अंशांवर आणायच्या तर पाणी आणि काच मिळून साधारण १३०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. लहान फ्रिजला त्यासाठी अख्खी रात्र लागू शकते. पाहुणे यायच्या दोन तास आधी पेटी भरायची आणि मग फ्रिज बिघडला म्हणायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. थंडावा खरंच मोजायचा असेल तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून दुसऱ्या दिवशी बघा. नेहमीच्या लागर बिअरला ४ ते ७ अंश पुरेत.

बिअरचा मिनी फ्रिज कॉम्प्रेसरविना चालणारा असेल, म्हणजे आवाज फक्त पंख्याचा येत असेल, तर तो खोलीपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. ४२ अंशांच्या खोलीत त्याच्याकडून चिल्ड बिअर मिळणार नाही, कितीही दुरुस्त करा.

आवाज ऐका, मग मेकॅनिक बोलवा

दर काही मिनिटांनी 'टक्' होऊन घरघर थांबते? कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट ओढला की वीज तोडणारा भाग, त्याला बंद पाडतो. कॉम्प्रेसर सुरू करून देणारी रिले गेली असेल, किंवा व्होल्टेज कमी असेल. बारीक एक्स्टेंशन वायरवर फ्रिज चालवणं आधी बंद करा. लाइट जाऊन लगेच आली तरी पाच मिनिटं थांबून मगच फ्रिज लावा. आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. वेळ राखून सप्लाय देणारा स्टॅबिलायझर हे काम आपोआप करतो.

कॉम्प्रेसर सतत चालू, पण जाळी किंवा बाजूचे पत्रे अजिबात गरम नाहीत आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ? आता मात्र गॅसचा संशय घ्या. मेकॅनिकला गॅसचं नाव लिहिलेला स्टिकर दाखवा. आर ६००ए असेल तर तोच भरायचा, आर १३४ए नाही. आर ६००ए ज्वलनशील असतो, म्हणून नळीत गॅस असताना जोडकामाची ज्योत (गॅस टॉर्च) लावू देऊ नका. गळती शोधणं, फिल्टर बदलणं, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम करणं, मग वजन करून गॅस भरणं, हा क्रम तो पाळत नसेल तर दुसरा माणूस बघा, कारण नुसता भरलेला गॅस त्याच भोकातून पुन्हा जाणार.

तोवर आतल्या बाटल्यांचं काय? एकदा थंड होऊन पुन्हा गरम झाल्याने बिअर वाया जात नाही. पण गच्चीवरच्या उकाड्यात दिवसेंदिवस राहिली तर चव शिळी होते, आणि हिरव्या बाटलीला ऊन लागलं तर उग्र वास धरते. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. प्यायच्या वेळी बादलीत बर्फासोबत पाणी आणि मूठभर मीठ घाला. नुसत्या बर्फापेक्षा बाटली त्यात लवकर थंड होते.