पिंपल्सची ट्यूब लावताय? या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोडच्या मेडिकलमध्ये काउंटरवर रोज ऐकतो : “काका, त्या ट्यूबने काहीच फरक नाही, दुसरी स्ट्राँग द्या.” कधीपासून लावताय विचारलं, तर “झाला की आठवडा.” अहो, अ‍ॅडापॅलिन आणि क्लिंडामायसिनचं जेल आहे ते. क्लिंडामायसिन जंतू आणि सूज कमी करतं, अ‍ॅडापॅलिन छिद्रं बुजू देत नाही. खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. सुरुवातीला पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात, आणि नेमकी तेव्हाच मंडळी ट्यूब फेकून देतात.

त्याहून मला चीड येते ती थापण्याची. गेल्या थंडीत सातपूरच्या कंपनीत लागलेला एक मुलगा आला. घरात बहिणीचं लग्न, म्हणून घाई. जेल सकाळ-संध्याकाळ, त्याआधी स्क्रब, वर लिंबू! गालांची सालं निघालेली, नाकपुडीच्या कोपऱ्यात चिरा, हसलं तरी दुखायचं. मित्राने मग गोरं करणारी क्रीम दिली. तीत स्टिरॉइड. लाली लगेच उतरली म्हणून गडी खूश. क्रीम थांबवताच चेहरा लालबुंद आणि बारीक पुळ्यांनी भरलेला. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवला, तरी निस्तरायला काही महिने गेले.

म्हणून मी ट्यूब देताना बोटाच्या टोकावर माप काढून दाखवतो. वाटाण्याएवढं जेल, संपूर्ण चेहऱ्याला, रात्री एकदाच. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, मग कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरवा. नुसतं पुळीवर टेकवू नका, पुढची पुळी शेजारच्या छिद्रात आधीच तयार होत असते. डोळे, ओठ, नाकपुड्यांचे कोपरे वगळा. आपल्याकडे निफाडचा गारवा सुटला की त्वचा आधीच तडतडते; तेव्हा सुरुवातीला मी एक दिवसाआडच लावायला सांगतो, आधी साधं मॉइश्चरायझर लावून.

दुसरी खोड म्हणजे जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवून वर्षभर तीच ट्यूब नेणं. यात अँटिबायोटिक आहे, हेच लोक विसरतात. साधारण तीन महिन्यांपुढे ते चालू ठेवलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणूनच डॉक्टर सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड (जंतू मारणारं दुसरं औषध) देतात आणि पुढे नुसत्या अ‍ॅडापॅलिनवर आणतात. मी नाही म्हटलं की लोक पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत, मी देत नाही.

बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल-उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, पांढरे वापरा.

सकाळी सनस्क्रीन हवंच, ढगाळ असलं तरी.

अप्परलिपचं वॅक्सिंग करायचं असेल तर काही दिवस आधी तिथे जेल थांबवा, नाहीतर पट्टीबरोबर कातडीही निघते.

क्लिंडामायसिनमुळे क्वचित जुलाब होतात; ते सुरू झाले, विशेषतः रक्त पडलं, तर ट्यूब बंद करून डॉक्टरांना गाठा.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ट्यूब उघडण्याआधीच डॉक्टरांना सांगा.