मस्टँगची मॉडेल्स जमवताय? खोक्यावरच्या सालापासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत, या चुका टाळा

छोट्या मॉडेल गाडीच्या खोक्यावर ‘१९६४½ फोर्ड मस्टँग फास्टबॅक’ असं छापलेलं दिसलं की पैसे काढण्याआधी थांबा. मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. तेव्हा तिचे दोनच प्रकार होते, पक्क्या छताची हार्डटॉप आणि छत उघडणारी कन्व्हर्टिबल. उतरत्या पाठीची फास्टबॅक काही महिन्यांनी, १९६५ च्या मॉडेल वर्षात आली. जीटी हे स्पोर्टी पॅकेज तर एप्रिल १९६५ चं, म्हणजे ‘१९६४½ जीटी’ हीसुद्धा थापच. फोर्डच्या लेखी या सगळ्या गाड्या १९६५ च्याच. अर्धं साल शौकिनांनी मागाहून चिकटवलेलं आहे.

तेव्हा खोकं बाजूला ठेवा आणि गाडीचं तोंड बघा. १९६५ च्या ग्रिलमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि मधल्या घोड्याच्या चौकटीपासून डावी-उजवीकडे क्रोमच्या पट्ट्या जातात. १९६६ मध्ये जाळीच्या जागी बारीक आडव्या रेघा आल्या, बाजूच्या पट्ट्या गेल्या आणि घोडा ग्रिलमध्ये तरंगल्यासारखा दिसू लागला. जीटीमध्ये मात्र दोन्ही वर्षी फॉगलॅम्पपर्यंत जाणारी पट्टी असते, म्हणून तिथे पट्टीवर जाऊ नका, पट्टीमागची जाळी बघा. मागच्या चाकापुढच्या खोट्या स्कूपवर (हवा घेण्याच्या तोंडावर) तीन बोटांसारखी क्रोमची नक्षी असेल तर गाडी १९६६ ची. नक्षी नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण काही प्रकारांत ती मुळातच नव्हती. १९६८ ची खूण सोपी आहे. बाजूला, पत्र्यावर, छोटे मार्कर, म्हणजे दिवे किंवा परावर्तक, असतात. अमेरिकेत त्या वर्षापासून ते सक्तीचे झाले.

कॅरोल शेल्बीने मस्टँगवरून केलेली शेल्बी जीटी३५० घेताना सर्वांत जास्त फसगत रंगात होते. १९६५ ची जीटी३५० पांढऱ्या रंगातच विकली गेली. निळे पट्टे ज्याला हवे त्याने घ्यायचे. त्यामुळे लाल किंवा हिरव्या गाडीवर ‘१९६५’ असेल तर ती हौशी कल्पना समजा. शोकेससाठी घ्यायला हरकत नाही, पण हुबेहूब म्हणून जादा पैसे मोजू नका. काळ्यावर सोनेरी पट्टे हा हर्ट्झच्या भाड्याच्या जीटी३५०एचचा गाजलेला रंग, आणि ती १९६६ ची. दुसरी खूण छताच्या मागच्या खांबात सापडते. १९६५ मध्ये तिथे हवेच्या झडपा आहेत, १९६६ मध्ये पारदर्शक खिडकी. झडपा असलेली काळी-सोनेरी गाडी मिळाली तर कारखान्याने एकच साचा दोन्ही सालांसाठी वापरलाय असं धरा.

आता स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या भागाएवढं आहे ते. गाडीची लांबी मोजून स्केल काढणं ही नेहमीची चूक, कारण खरी मस्टँग दर काही वर्षांनी लांब होत गेली. १९६५ ची ४६१३ मि.मी. होती, १९६९ ची सुमारे ४७६०. व्हीलबेस मात्र १९७० पर्यंत १०८ इंच, म्हणजे २७४३ मि.मी., जसाच्या तसा राहिला. म्हणून कॅलिपरने पुढच्या आसाच्या मध्यापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजा. १/१८ ला १५२ मि.मी. यायला हवेत, १/२४ ला ११४, १/२५ ला ११०, १/४३ ला ६४ आणि १/६४ ला ४३. एखाद-दुसरा मि.मी. इकडे-तिकडे चालतो. १/६४ लिहिलेल्या गाडीचा व्हीलबेस ४० भरला, तर ती खोक्यात बसवण्यापुरती लहान केलेली आहे. मॅचबॉक्स या ब्रँडच्या जुन्या गाड्यांमध्ये हे सर्रास आहे. तिथे ट्रक आणि मोटार एकाच आकाराच्या खोक्यात जायच्या, ठरावीक स्केल पाळायचा प्रश्नच नव्हता.

किट, म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच, जोडणाऱ्यांना १/२४ आणि १/२५ मधला फरक किरकोळ वाटतो. मात्र व्हीलबेसमध्ये तो साडेचार मि.मी. आहे. १/२४ ची चेसिस १/२५ च्या बॉडीखाली घातली की चाकं कमानीच्या मध्यात येत नाहीत, आणि मग पातं घेऊन कोरत बसावं लागतं. सुटे भाग मागवण्याआधी दोन्ही खोक्यांवरचा आकडा वाचा.

हॉट व्हील्सच्या पोटावरचं साल ही आणखी एक फसवी जागा. तिथे ‘१९६८ मॅटेल’ असं असेल तर त्या साच्याचा कॉपीराइट त्या सालचा, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या हातातली गाडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी ओतलेली असू शकते. १९६८ च्या पहिल्या सोळा गाड्यांत ‘कस्टम मस्टँग’ होती, आणि तिच्या नावाने नव्या गाड्या पुढेही निघाल्या. जुन्या गाडीच्या चाकांवर लाल रेघ असते. ही रेघ १९७७ पर्यंत चालली. अमेरिकेत ओतलेल्या गाडीच्या काचा निळसर असतात, हाँगकाँगच्या स्वच्छ.

इथे खरी भीती असते ती नव्याने रंगवून ‘जुनी’ म्हणून विकलेल्या गाडीची. त्या जुन्या हॉट व्हील्सचा स्पेक्ट्राफ्लेम हा चकचकीत धातूवर चढवलेला पारदर्शक रंग. पन्नास वर्षांत खालचा धातू जागोजागी काळवंडतो आणि रंगातून बारीक ठिपके दिसतात. त्यांचा शोध दिव्याखाली, भिंग घेऊन करा. पाकिटाबाहेरच्या सुट्या गाडीवर असा एकही ठिपका नसेल, तर आधी संशय घ्या आणि मग आनंद माना. बॉनेट उघडतं, त्याच्या आतल्या कडा बघा. बाहेरचा रंग उन्हाने फिका आणि आतला गडद असणं स्वाभाविक आहे. शेवटी गाडी उलटी करा. रिव्हेटचं डोकं कारखान्यात चेपलेलं, एकसंध दिसतं. मधोमध ड्रिलचं भोक, स्क्रू किंवा राखाडी इपॉक्सी दिसली तर गाडी उघडलेली आहे. उघडलेली गाडी वाईट नसते, पण तिची किंमत वेगळी. मॅचबॉक्सच्या आठ नंबरच्या मस्टँगचंही तेच. पांढरी मुबलक, नारिंगी दुर्मीळ, त्यामुळे पांढऱ्याची नारिंगी करायचा मोह पडतो. दाराच्या आतल्या कोपऱ्यात जुना पांढरा रंग डोकावतोय का ते बघा.

इथपर्यंतच्या चुकांत पैसे जातात. पुढच्या चुकांत गाडीच जाते.

पहिली चूक कपाटातली. कपड्यांत ठेवतो तशा डांबराच्या गोळ्या शोकेसमध्ये टाकू नका. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरिन या प्लास्टिकला मऊ करते. किटच्या गाड्या, फोर्डच्या डीलरांकरता एएमटी कंपनीने केलेल्या १/२५ च्या प्रोमो (जाहिरातीच्या गाड्या), खिडक्यांच्या पारदर्शक काचा, सगळं धुरकट आणि चिकट होतं. ते पुसून जात नाही. झुरळांचा त्रास असला तरी गोळ्या बंद शोकेसमध्ये नको.

दुसरी चूक टायरची. मऊ व्हिनाइलच्या टायरमधला प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू बाहेर येतो आणि टायर ज्याला टेकलाय त्या प्लास्टिकला वितळवतो. किटमध्ये रिम खाल्ली जाते, शोकेसमध्ये अ‍ॅक्रिलिकच्या तळावर चार काळे चट्टे उठतात. उपाय स्वस्त आहे. टायर चढवण्याआधी रिमवर नळाच्या जोडाला लावतात त्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या. मोठ्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाडीच्या चेसिसखाली दोन ठोकळे असे ठेवा, की टायर तळापासून दोन मि.मी. उचललेले राहतील. टायर चिकट झाले असतील तर ते काढा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, पूर्ण वाळवा आणि किंचित टाल्क लावा. काही महिन्यांनी ते पुन्हा चिकटतील, तेव्हा पुन्हा धुवायचे.

तिसरी चूक ‘नव्यासारखी राहावी’ म्हणून कारखान्याचं प्लास्टिक न काढण्याची. १/१८ च्या गाडीला गुंडाळलेली पातळ फिल्म रंगाला चिकटून ओलावा धरते आणि पावसाळ्यानंतर रंगावर बारीक फोड येतात. त्यावर पॉलिश चालत नाही, नवा रंगच द्यावा लागतो. गाडी घरी आली की फिल्म काढा. खोक्यात परत ठेवायची असेल तर मध्ये आम्लरहित टिश्यू पेपर घाला.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून पुढचे चार महिने ओलावा हाच मुख्य शत्रू. ब्लिस्टरची (पारदर्शक फुगवट्यात गाडी बंद केलेली) कार्डं धनुष्यासारखी वाकतात, पोलादी आस गंजतात. ३०×२०×२० सें.मी.च्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दहा ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. रंग बदलणारे दाणे घ्या आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा. डब्यात आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये असली म्हणजे झालं.

पुसताना स्पिरिट, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर काहीही नको. छापलेले पट्टे आणि घोड्याचं चिन्ह पहिल्याच बोळ्यावर उतरतं. ब्लीच तर प्लास्टिकच्या बंपरवरचं क्रोम साफ धुऊन काढतं. मेकअपचा मऊ ब्रश आणि किंचित ओला कापूस, एवढंच पुरे.

बॅटरीवरच्या जुन्या गाड्यांत, म्हणजे १९६६ मध्ये फोर्डच्या डीलरांकडे मिळणाऱ्या वेन-मॅकच्या १/१२ च्या मस्टँगमध्ये, सेल गळलेले सापडतात. जुने साधे सेल आम्लधर्मी, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. नंतर कोणी अल्कलाइन घातले असतील तर व्हिनेगर. कोणते ते न बघता दोन्ही ओतू नका. एकाने दुसऱ्याचं काम रद्द होतं.

राहिली ती झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूला आतून लागणारी कीड. डायकास्टचा झमाक म्हणजे जस्त, सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि थोडी भर. त्यात शिसं ०.००५ टक्क्यांच्या वर गेलं की ओल्या हवेत धातूच्या कणांमधल्या कडा आतून खाल्ल्या जातात. दार आधी घट्ट होतं, मग रंगाखाली केसासारखी भेग दिसते, मग चेसिस फुगून वाकते. गोंद, लाख, इपॉक्सी, काहीही लावलं तरी ते थांबत नाही. पण हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे घाबरून अख्खा कप्पा रिकामा करायची गरज नाही. स्क्रू अजून फिरतायत तोवर गाडी उघडा आणि काचा, सीटं, टायर, क्रोमचे बंपर वेगळे काढून नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. त्याच साच्याची दुसरी गाडी कधीतरी तुटक्या बंपरची मिळतेच.