टॅबलेट आत्ता घ्यायचा की पुढच्या मॉडेलसाठी थांबायचं? या चुका टाळा

मार्च २०१२ मध्ये ज्यांनी तिसऱ्या पिढीचा आयपॅड घेतला, त्यांच्यासमोर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चौथ्या पिढीचा जाहीर झाला. चिप नवी, चार्जिंगचं पोर्टसुद्धा बदललेलं. याउलट, सप्टेंबर २०१५ चा आयपॅड मिनी ४ जुना झाला म्हणून थांबून राहिलेल्यांना पुढच्या मिनीसाठी मार्च २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली. २०२३ साली तर ॲपलने वर्षभरात एकही नवा आयपॅड काढला नाही. ‘दरवर्षी येतोच की’ या हिशेबावर विसंबणं ही पहिली चूक.

तारखांचा उपयोगच नाही असं नाही, पण तो नीट करावा लागतो. कंपनीच्या सगळ्या टॅबलेटच्या तारखा पाहू नका. तुम्हाला हवी ती मालिका आणि तोच आकार धरा, मागच्या तीन-चार मॉडेलमधलं अंतर महिन्यांत मोजा. मिनीचंच बघा: मिनी ४ पासून पुढची अंतरं ४२, ३० आणि ३७ महिन्यांची आहेत. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंतरात वर्षभराचा फरक असेल, तर त्या मालिकेपुरतं कॅलेंडर बाजूला ठेवा. अंतरं जवळपास सारखी असतील आणि सध्याच्या मॉडेलने त्यातला तीन-चतुर्थांश काळ ओलांडला असेल, तरच थांबण्याचा विचार करा.

आकाराचा मुद्दा मुद्दाम सांगितला. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस ९ मालिकेत २०२३ साली ११ इंची टॅबलेट होता. २०२४ ची एस १० मालिका आली ती फक्त प्लस आणि अल्ट्रा या मोठ्या आकारांत. ११ इंचांसाठी थांबलेल्यांना मुख्य मालिकेत तो मिळाला थेट सप्टेंबर २०२५ मध्ये, एस ११ च्या रूपात. त्या वेळी प्लसची वाट पाहणारे मात्र ताटकळले, कारण एस ११ मध्ये प्लसच नव्हता.

घोषणा म्हणजे विक्री नव्हे. गुगलने पिक्सेल टॅबलेटची झलक मे २०२२ मध्ये दाखवली, तो दुकानात आला जून २०२३ मध्ये. इतकं लांबलं नाही तरी हव्या त्या स्टोरेजचा आणि रंगाचा टॅबलेट, शिवाय त्याचा कीबोर्ड आणि कव्हर, हे सगळं एकाच दिवशी मिळेल असं गृहीत धरू नका. अफवांमध्ये फोटो आणि ‘कल्पनाचित्रं’ सोडून द्या. अमेरिकेच्या एफसीसीकडे (वायरलेस उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) किंवा ब्लूटूथ एसआयजीकडे (ब्लूटूथचं प्रमाणपत्र देणारी संघटना) झालेली नोंद हा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा. तोही मॉडेल येतंय एवढंच सांगतो, महिना सांगत नाही.

अपडेटची वर्षं चुकीच्या दिवसापासून मोजणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्याकडे सहसा लक्षही जात नाही. अपडेटचं घड्याळ मॉडेल बाजारात येतं त्या दिवशी सुरू होतं, तुम्ही बिल कधी केलंत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सातव्या पिढीचा आयपॅड सप्टेंबर २०१९ चा. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मधून तो वगळला गेला. आल्याआल्या घेणाऱ्याला नव्या आवृत्त्यांची सहा वर्षं मिळाली, शेवटी शेवटी घेणाऱ्याला पाच. अँड्रॉइडमध्ये हा फरक आणखी बोचतो. सॅमसंगने टॅब एस ९ ला चार मोठ्या अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट द्यायचं सांगितलं होतं. एस १० ला दोन्ही सात. एकाच आकाराचे दोघे शेजारी ठेवले तर दिसायला जवळपास सारखेच, पण सहा वर्षं वापरायचा बेत असेल तर एस १० साठी थांबणाऱ्याचा निर्णय बरोबर ठरला. दोन-तीन वर्षांत बदलणाऱ्याला मात्र उतरत्या किमतीतला एस ९ पुरेसा होता.

म्हणून हिशेब असा करा: कंपनीने कबूल केलेली वर्षं, वजा मॉडेल बाजारात येऊन गेलेला काळ. उरलेली वर्षं तुमची. किमतीला या वर्षांनी भागा. तोच आकडा पुढच्या मॉडेलच्या अंदाजे किमतीचा काढा. ‘सवलत’ पुष्कळदा इथेच विरघळते.

याच्या उलटही एक फसगत होते: नवं आलं म्हणजे नवी सगळी वैशिष्ट्यं त्यात असणारच, असा समज. ॲपल इंटेलिजन्सला, म्हणजे ॲपलच्या एआय सुविधांना, ए १७ प्रो किंवा एम १ अथवा त्यांच्या पुढची चिप लागते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडमध्ये ए १६ आहे, त्यामुळे तो त्यात बसत नाही. २०२२ चा एम १ चिपवाला आयपॅड एअर मात्र बसतो. तीन वर्षं जुना, पण वरच्या मालिकेतला. त्यामुळे ‘जुनं एअर की नवा साधा’ अशी निवड असेल तेव्हा आधी चिप पाहा आणि मग साल.

पेन आणि कीबोर्ड हिशेबात न धरणं

आधीचा टॅबलेट वापरणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल २०२४ च्या एम २ आयपॅड एअरवर आणि एम ४ आयपॅड प्रोवर चालत नाही. तिथे पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सी पेन्सिल लागते. जुना मॅजिक कीबोर्ड एम २ एअरवर बसतो, एम ४ प्रोवर नाही. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडला पोर्ट यूएसबी-सी, पण त्यावर चालणारी पहिल्या पिढीची पेन्सिल लाइटनिंग या ॲपलच्या जुन्या पोर्टची, त्यामुळे ती जोडायला आणि चार्ज करायला वेगळा ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

तुमच्याकडच्या पेन, कीबोर्ड, डॉक, कव्हरची मॉडेल नावासकट यादी करा आणि कंपनीच्या सुसंगततेच्या पानावर एकेक तपासा. जे चालणार नाही त्याची किंमत नव्या टॅबलेटच्या किमतीत मिळवा. कव्हर तर काही मिलिमीटरच्या फरकानेही बाद होतं.

स्टोरेज ‘नंतर बघू’ म्हणणं

नंतर काहीच बघता येत नाही. रॅम आणि अंतर्गत स्टोरेज वाढवता येत नाही. सध्याच्या टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन किती जागा वापरली आहे ते पाहा. ६४ जीबीपैकी ४५ च्या वर गेली असेल, तर पुढचा १२८ चाच घ्या, मग तो जुन्या मॉडेलचा का असेना. साध्या आयपॅडमध्ये सुरुवातीचं स्टोरेज दहाव्या पिढीत ६४ जीबी होतं, अकराव्यात १२८ झालं. जागा हीच तुमची अडचण असेल तर असं पाऊल थांबण्याजोगं असतं. मेमरी कार्डावर फोटो आणि व्हिडिओ ठेवता येतात, ॲप बहुधा नाहीत.

मुळात थांबायचं कारण एका वाक्यात लिहून काढा. ‘पीडीएफवर लिहिताना रेघ मागे पडते’ हे कारण झालं. ‘पुढचा आणखी चांगला असेल’ हे नाही. आयपॅड मिनी २ नंतर आलेल्या मिनी ३ मध्ये चिप तीच, पडदा तोच. टच आयडी आणि सोनेरी रंग एवढंच वाढलं होतं.

नवा आल्यावर जुना स्वस्त होईल म्हणून थांबणं

होतो, पण हवा तोच होतो असं नाही. उरलेल्या मालात कमी स्टोरेजचे आणि नको त्या रंगाचे जास्त असतात. काही कंपन्या नवा आला की जुना स्वतःच्या दुकानातून काढूनच टाकतात. सील उघडलेला घेत असाल तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहा. ती आधीच सुरू झालेली असू शकते. बरेच महिने खोक्यात पडून राहिलेली बॅटरी पहिल्या आठवड्यात तपासा: पूर्ण चार्ज करून रात्रभर नुसता ठेवा. कोणतंही ॲप चालू नसताना सकाळी आठ-दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून मागा.

घेतला आणि आठवड्यात नवा जाहीर झाला, तर?

बिल काढा, परतीची मुदत आणि किंमत उतरल्यास फरक परत मिळतो का ते वाचा. परत करण्याआधी बॅकअप घ्या. नंतर आयपॅडवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून साइन आउट करा. तसं न करता दिला तर पुढच्याला तो कुलूपबंद मिळतो आणि दुकान नाकारू शकतं. त्यानंतर जनरलमधून सगळं पुसा. अँड्रॉइडवर आधी स्क्रीन लॉक आणि गुगल खातं काढा, मगच फॅक्टरी रीसेट करा. बटणं दाबून थेट रीसेट केलात तर चालू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो.

थांबायचंच ठरलं, तर जुना तगवा

थांबायची शेवटची तारीख आत्ताच ठरवा. तोवर नवा आला नाही तर जो उपलब्ध असेल तो घ्या. तोपर्यंत दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा, कारण स्टोरेज भरत आलं की टॅबलेट मंदावतो आणि अपडेटही बसत नाहीत. फक्त बॅटरी थकली असेल तर ती बदलून घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. पण पडदा कडेने उचलल्यासारखा दिसायला लागला किंवा मागची बाजू फुगली, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, तो दाबून बसवू नका आणि टॅबलेट सर्व्हिस सेंटरला द्या.