शिकार आणि तंबाखूविक्रीचा जुना ठराव ग्रामसभेत नव्याने कसा मांडावा

गावाच्या जुन्या प्रोसिडिंग बुकात (सभेचे ठराव लिहिण्याच्या वहीत) “गावात शिकारबंदी व खर्राबंदी करण्यात येत आहे, मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड” असा एका ओळीचा ठराव असेल (खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण), तर तो तसाच पुन्हा मंजूर करू नये. शिकार हा केंद्राच्या कायद्याचा विषय आहे, आणि शाळेजवळ किंवा अल्पवयीनाला तंबाखू विकल्याचा दंड 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने 200 रुपयांपर्यंतच ठेवला आहे. ग्रामसभेने मनाने वाढवलेला आकडा पहिल्याच तक्रारीत गळून पडतो आणि त्याबरोबर ठरावाचा धाकही जातो.

दोन्ही विषय एकाच ठरावात गुंफू नयेत, कारण तंबाखूच्या ठरावाची प्रत पोलीस ठाण्यात व शाळेत जाते आणि शिकारीच्या ठरावाची वनपरिक्षेत्र कार्यालयात. विषयपत्रिकेत दोन्ही स्वतंत्र लिहावेत, नोटीस सात दिवस आधी लावावी व दवंडी द्यावी. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते.

तंबाखूच्या ठरावाआधी सभेत बोलण्यापेक्षा टेप घेऊन शाळेवर जावे. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्ड, म्हणजे 91 मीटर 44 सेंटिमीटर, अंतरात तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सरळ रेषेत मोजायचे असते. वर्गाच्या दारापासून नव्हे, आणि पानठेलेवाला दाखवतो तसे रस्त्याच्या वळणावळणानेही नव्हे. मोजताना मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि ठेल्याचा मालक तिघेही हजर असावेत, जिथे हद्द संपते तिथे चुन्याची रेघ ओढावी (चुना ठेल्यावरच मिळतो) आणि जागेवरच पंचनामा लिहून तिघांच्या सह्या घ्याव्यात. ठेला ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेवर किंवा रस्त्यावर अतिक्रमण करून उभा असेल, तर दंडापेक्षा मोठे हत्यार पंचायतीच्या हातात आहे: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली ते अतिक्रमण हटवता येते. माझ्या मते ठरावाचा खरा जोर इथेच लावावा.

याच ठरावात आणखी काही बाबी याव्यात. अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री नाही, असा किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक प्रत्येक विक्रेत्याने लावावा. सुटी बिडी-सिगारेट विकण्यास राज्यात 2020 पासून बंदी आहे. गुटखा 2012 पासून बंद आहे, आणि सुगंधित तंबाखू-सुपारीचा पन्नीत घोटलेला खर्राही अन्न सुरक्षा कायद्याखालील बंदीत मोडतो, त्यामुळे तिथे शाळेपासूनच्या अंतराचा प्रश्नच उरत नाही. 200 रुपयांच्या त्या दंडाखेरीज, मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यावर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम सभेत मोठ्याने वाचून दाखवावे, कारण खर्रा आणायला पोरालाच ठेल्यावर पाठवणारे वडीलही सभेत बसलेले असतात.

शिकारीच्या ठरावात सभा हमखास तापते, कारण ज्याच्या वावरातला चना रानडुकरांनी एका रात्रीत उकरला, त्याला बंदी ऐकायची नसते. तरीही मारण्याची परवानगी ग्रामसभा देऊ शकत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे. वन हक्क अधिनियम, 2006 ने पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार त्यातून वगळली आहे, त्यामुळे सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनाही हेच लागू होते. जुन्या ठरावात रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) वन्यजीव कायद्याच्या “अनुसूची तीन” मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या तिसऱ्या यादीत, लिहिला असेल तर तो मजकूर बदलावा. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली असून हे दोन्ही प्राणी आता अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो, म्हणून शेतकऱ्याचा अर्ज, सातबारा आणि नुकसानीचे फोटो वनपरिक्षेत्र कार्यालयात पोहोचवण्याची जबाबदारी ठरावात एका नेमक्या सदस्यावर टाकावी. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते. त्याच्या मटणाचे वाटे घालता येत नाहीत.

फासे लावणे आणि हाका करून जनावर हाकलणे हेदेखील कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. धुऱ्यावरील (शेताच्या बांधावरील) तारेत घरची लाइन सोडण्यास मनाई असल्याचे स्वतंत्र वाक्यात लिहावे आणि त्या तारेऐवजी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत फक्त क्षणिक झटका सोडणारे यंत्र) वापरावी, असे सुचवावे. थेट प्रवाहाची तार डुक्कर आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांत फरक करत नाही.

मजकूर साधारण असा ठेवावा: “वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील तरतुदींस अधीन राहून, गावाच्या हद्दीत फासे, हाका व विद्युत तार यांचा वापर आढळल्यास सरपंच त्याच दिवशी वनरक्षकास लेखी कळवतील, असे ठरले.” खाली सूचक व अनुमोदकाचे नाव, आणि विरोध झाला असल्यास विरोधकांची संख्या लिहावी, “सर्वानुमते” हा शब्द सवयीने टाकू नये. प्रती पाठवल्यावर शिक्क्यासह पोच घेऊन ती त्याच पानाला चिकटवावी.