अठरा लाखांतले आपले आधीचे किती?

२०१७च्या श्रावणात आमच्या बडोद्यातल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा, कागद लागला. माझं वय ४९, नोकरीची २१ वर्षं झालेली, ९ बाकी. एचआरनं प्रत्येकाला बंद पाकिटात आकडा दिला. माझा होता १७,९८,५००. संध्याकाळी दांडिया बाजारात घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात नवं स्वयंपाकघर बांधून झालं होतं.

बायकोनं पत्र उलटसुलट करून विचारलं, "अहो, यातले आपले आधीचेच किती?"

ज्यांच्या हातात असं पत्र आज पहिल्यांदा पडलंय, त्यांनी आधी हेच विचारावं. माझा बेसिक आणि डीए मिळून ३९,००० होता. ग्रॅच्युइटी म्हणजे पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं: ४,७२,५००. पाच वर्षं नोकरी झाली असली की साधा राजीनामा दिला तरी ती मिळतेच. शिल्लक रजेचे ७८,०००, तेही माझेच. म्हणजे नोकरी सोडण्याबद्दल कंपनी जादा देत होती ते फक्त १२,४८,०००. बत्तीस महिन्यांचा पगार, आणि सोडायचे होते १०८ महिने.

हे १२,४८,००० आले कुठून? आमच्याकडे 'गुजरात पॅटर्न' होता: झालेल्या दर वर्षाला ३५ दिवसांचा पगार, उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा. पुढे २०१९ला बीएसएनएलनंही हेच सूत्र घेतलं. माझे झाले ९६० दिवस. खरी मेख दिवसाच्या पगारात असते. ग्रॅच्युइटीला महिना २६ दिवसांचा, पण आमच्या योजनेत तो ३० दिवसांचा धरला होता. २६नं भागलं असतं तर १,९२,००० जास्त आले असते. युनियननं दोन बैठका घातल्या, कंपनी हलली नाही. तुमच्या पत्रात हा भागाकार दिसत नसेल तर लेखी मागा.

आता मालकाची बाजू. तेव्हाच्या कायद्यानं १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला छाटणीसाठी सरकारची परवानगी लागायची (२०२०च्या संहितेत ही मर्यादा ३०० केली). कामगार आपणहून गेला तर ती छाटणी ठरतच नाही. परवानगी नको, कोर्टकचेरी नको. वर आयकरात हा खर्च पाच वर्षांत समान हप्त्यांनी वजा मिळतो. म्हणून 'स्वेच्छा' हा शब्द त्यांना फार प्रिय. आमच्या फोरमनला "बदली कुठेही होऊ शकते" असं तीनदा ऐकवलं, तेव्हा कुठे त्याची स्वेच्छा जागी झाली!

अर्ज भरला म्हणजे सुटलो असंही नाही. अर्ज हा आपला प्रस्ताव, तो नाकारायचा हक्क योजनेत कंपनी बहुधा राखून ठेवते. आमच्या टूलरूममधल्या सगळ्यात हुशार माणसाचा अर्ज परत आला. दुसरीकडे, कंपनीनं स्वीकारण्याआधी आपल्यालाही तो मागे घेता येतो. बँकांच्या व्हीआरएसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये तसं मानलं. तरी योजनेतली बारीक अक्षरं वाचाच.

कराचं थोडक्यात: व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाखच करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. उरलेले ७,४८,००० माझ्या त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवले गेले आणि टीडीएस कापूनच चेक आला. या सवलतीला अटी आहेत: दहा वर्षं नोकरी किंवा चाळिशी पूर्ण हवी, रिकामी जागा कंपनीनं भरायची नाही आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीत तुम्ही लागायचं नाही. एक सहकारी हेच करायच्या बेतात होता, त्याला सीएनं वेळीच अडवलं.

ज्याकडे माझं दुर्लक्ष झालं ते वेगळंच. क्रेडिट सोसायटीचं कर्ज फुल अँड फायनलमधून, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या हिशेबातून, एकरकमी वळतं झालं. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशीच संपला आणि महिन्याभरात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. स्वतःची पॉलिसी अर्ज करण्याआधी घ्यायला हवी होती. पीएफच्या पेन्शनचंही तसंच. ती पूर्ण मिळते ५८व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी, त्या दर वर्षाला ४ टक्के कमी होते. मी ५८पर्यंत थांबायचं ठरवलं, म्हणजे मधली नऊ वर्षं चालवायला दुसरं काम हवंच होतं. ते वाघोडियातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार महिन्यांनी मिळालं, पगार निम्मा.

स्वयंपाकघर तेच आहे. फक्त ओटा बदलला.